भिन्नमत नाही

सोनटक्के सर येणार नाहीत, असा फोन सकाळी साडेनऊला आला. अंगणात पाय घसरून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं आणि त्यांचा मुलगा दवाखान्यातून बोलत होता. सरांची काळजी घ्या असं मी त्याला सांगितलं, फोन ठेवला आणि मनात म्हटलं, मेलो आता.

अकराला मुलाखती होत्या. वनस्पतिशास्त्र विभागात अधिव्याख्याता, एक जागा, अनुसूचित जमातीसाठी राखीव. निवड समितीत मागासवर्गीयांचा एक प्रतिनिधी असावाच लागतो. आत बसलेल्या माणसांनी बाहेर बसलेल्या माणसावर अन्याय करू नये, हे बघायला तो असतो. तो नसेल तर बैठकच बेकायदा ठरते. आमच्याकडे गेली सहा वर्षं हे काम सोनटक्के सर करत होते. गरीब स्वभावाचे प्राचार्य. यायचे, बसायचे, बिस्किटं खायचे आणि सही करून जायचे.

मी तेव्हा विद्यापीठाच्या आस्थापना शाखेत सहायक कुलसचिव होतो. नेमणुका, बढत्या, कुठली जागा कुठल्या प्रवर्गाची याची नोंदवही, सगळं माझ्याकडे. मी तसाच कुलगुरूंच्या दालनात गेलो आणि बैठक पुढे ढकलावी लागेल म्हणून सांगितलं. कुलगुरूंनी चष्मा काढला. बाहेरगावचे तज्ज्ञ कानडे सर रात्रीची गाडी पकडून आले होते आणि सकाळपासून अतिथिगृहात बसले होते.

"खिल्लारे, तुम्ही आहात की," कुलगुरू म्हणाले. "तुम्हीच बसा. मी आत्ता तुमच्या नावाचं पत्र काढतो."

प्रतिनिधीच्या पदाचा दर्जा वगैरे काही नियम होते, ते मलाच सगळ्यात चांगले पाठ होते. पण मी काही बोललो नाही. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. बावीस वर्षं मी त्या लांब टेबलाच्या टोकाला फाइली घेऊन उभा राहिलो होतो. आज खुर्चीत बसणार होतो. माझ्याच नेमणुकीचं पत्र मी स्वतः टाइप करून घेतलं आणि सहीला नेलं. असं भाग्य विद्यापीठात फार थोड्यांना लाभतं.

आता माझी एक पद्धत सांगायला हवी. बाहेरगावच्या तज्ज्ञांना दुपारच्या बसची घाई असते. मुलाखती लांबल्या की ते तसेच उठून जात, मग इतिवृत्तावरच्या सह्यांसाठी शिपायाला तीन-तीन जिल्हे फिरावं लागे. म्हणून मी सुरुवातीलाच कोऱ्या इतिवृत्तावर सगळ्यांच्या सह्या घ्यायला लागलो. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने बारीक फुली मारून ठेवायची, चहाच्या आधी कागद फिरवायचा, मजकूर मागाहून भरायचा. कुणाची कधी तक्रार नव्हती. कुलसचिवांनी एकदा भर बैठकीत माझं कौतुकही केलं होतं. त्या दिवशीही मी कागद फिरवला. शेवटची फुली सोनटक्के सरांसाठी मारलेली होती. तिथे मी माझी सही केली, जरा मोठीच केली.

बोलावलेल्या चारांपैकी एकटीच उमेदवार आली होती. डॉ. रत्नमाला किनाके.

तिला मी ओळखत होतो. ती किनवटकडची, गोंड समाजातली. आमच्याच विद्यापीठात शिकली, आमच्याच विद्यापीठात डॉक्टरेट केली आणि त्याच विभागात नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होती. दर जूनला नेमणूक, दर एप्रिलला रजा, पुन्हा जूनला अर्ज. तो अर्ज माझ्या टेबलावर यायचा. पहिल्या वर्षी तिने जातवैधतेचा कागद लावला नव्हता, तेव्हा मी तिला बसवून सगळे कागद कसे लावायचे ते शिकवलं. तेव्हापासून ती काही अडलं की येई. खुर्चीत बस म्हटलं तरी उभीच राही.

विभागप्रमुख डॉ. मोहरीर तिचं तोंड भरून कौतुक करत. विद्यार्थ्यांच्या जंगलसहली ती काढी, वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह ती सांभाळी, मोहरीर सर परदेशी गेले की त्यांचे तासही ती घेई. कायमची जागा निघाली की मात्र कौतुक आटे. ही जागा त्याआधी दोनदा जाहीर झाली होती आणि दोन्ही वेळा इतिवृत्तात एकच वाक्य लिहिलं गेलं होतं, 'योग्य उमेदवार आढळला नाही.' दोन्ही वेळा ती उमेदवार होती. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय.

तिसऱ्यांदाही जागा रिकामी राहिली की जागेचा प्रवर्ग बदलून ती सगळ्यांना खुली करण्याचा प्रस्ताव वर पाठवायचा, अशी आमच्याकडे तेव्हा रीत होती. म्हणजे ही रत्नमालाची शेवटची मुलाखत होती. हे तिला माहीत होतं, कारण मीच तिला सांगितलं होतं. मोहरीरांनाही माहीत होतं. त्यांचा एक विद्यार्थी पुण्यात डॉक्टरेट संपवत आला होता, तेही आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

ती आत आली तेव्हा तिने आधी कुलगुरूंना नमस्कार केला, मग बाकीच्यांना. माझ्यावर नजर पडली आणि ती क्षणभर थांबली. मग तिचे खांदे खाली आले. इतक्या वेळ तिने ते वर ओढून धरले होते, हे मला तेव्हा कळलं.

मुलाखत पाऊण तास चालली. कानडे सर इंग्रजीत विचारत होते आणि ती इंग्रजीत उत्तर देत होती. लहान लहान वाक्यं, पण मला तरी त्यात चूक दिसली नाही. एकदाच एक शब्द आठवेना, तेव्हा तिने तो मराठीत सांगितला आणि पुढे गेली. शेवटी कानडे सरांनी विभागातून आणवलेले वाळवलेल्या रोपांचे कागद तिच्यापुढे टाकले आणि ओळखायला सांगितलं. ती एकेक ओळखत गेली. चौथ्या कागदावर अडली.

"सर, ही मुसळीच आहे," ती म्हणाली, "पण वर लिहिलीय ती जात नाही. ह्याच्या गाठी मुळाच्या टोकाला आहेत, बुडाशी नाहीत. आमच्याकडे ही वेगळी काढतात अन् ती वेगळी."

कानडे सरांनी खिशातून भिंग काढलं. बराच वेळ बघितलं. मग भिंग मोहरीरांकडे दिलं. कागदावरचं नाव मोहरीरांच्या अक्षरात होतं.

मोहरीर मोकळेपणी हसले. "बरोबर आहे हिचं. माझा कागद वीस वर्षांपूर्वीचा आहे, तेव्हा मीही शिकाऊच होतो," म्हणाले. सगळे हसले. रत्नमालाही हसली. मला वाटलं, झालं, जिंकली ही. मला झाडापाल्यातलं काही कळत नाही, पण परीक्षकाला चूक दाखवून त्याला हसायला लावणारा माणूस मी त्या खोलीत पहिल्यांदा बघत होतो. मी मनातल्या मनात तिचा नेमणूक आदेश टाइप करायलाही घेतला होता.

ती बाहेर गेली. शिपायाने चहा आणला. एरवी मला काचेच्या ग्लासात मिळायचा, आज कपबशीत मिळाला. कुलगुरूंनी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "घ्या खिल्लारे साहेब." साहेब असं ते मला पहिल्यांदा म्हणत होते. इतक्या क्षुल्लक गोष्टीने माणूस सुखावतो, हे आज लिहिताना लाज वाटते.

मोहरीरच आधी बोलले. मुलगी गुणी आहे, त्यात वाद नाही. कष्टाळू आहे, जंगल तिच्याइतकं कुणाला माहीत नाही. पण अधिव्याख्याता म्हणजे नुसतं जंगल नव्हे. बाहेरचे लोक येतात, परिषदा असतात, शोधनिबंध असतात. भाषेला एक सफाई लागते. ती तासिका तत्त्वावर आहे, तिथे छान चाललंय. अशा मुलीला उगाच नको तिथे बसवून तिचंच नुकसान करायचं का?

सगळं त्यांनी इतक्या मायेने सांगितलं की मध्ये बोलणं उद्धटपणाचं वाटावं. मी कानडे सरांकडे बघितलं. त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

"मला तर बरी वाटली," ते म्हणाले. "पण विभाग तुम्हाला चालवायचाय, मोहरीर. माझा आग्रह नाही." त्यांची बस पावणेदोनची होती.

मग कुलगुरू माझ्याकडे वळले. "खिल्लारे साहेब, तुमचं काय म्हणणं?"

आजवर त्या खोलीत मला फाइल नंबर सोडून कुणी काही विचारलं नव्हतं. तोंडाशी आलं होतं की तिच्याएवढा योग्य उमेदवार मी बावीस वर्षांत पाहिला नाही. पण मी स्वतः राखीव जागेवर लागलेला माणूस. सरकारचे जावई हा शब्द मी पाठीमागे इतक्या वेळा ऐकला होता की समोरून कुणी म्हणालं नाही तरी मला तो ऐकू येई. मला वाटलं, मी आता तिची बाजू घेतली तर हे तिघे हसणार नाहीत, काही बोलणारही नाहीत, नुसते एकमेकांकडे बघतील. शेवटी यानेही आपल्या माणसाचंच बघितलं, असं त्या बघण्यात असेल. त्या एका नजरेची मला भीती वाटली. बाकी कुणी मला धमकावलं नव्हतं, कुणी काही देऊ केलं नव्हतं.

"साहेब, हे तिसऱ्यांदा आहे," मी एवढंच म्हणालो.

"म्हणजे? नियमात बसतं ना?"

"बसतं."

प्रश्न प्रतिनिधीला विचारला होता आणि उत्तर कारकुनाने दिलं. कुलगुरू काही दुष्ट माणूस नव्हते. त्यांनी टोपण काढून स्वतःचं पेन माझ्यापुढे ठेवलं. "सही तुमची झालेली आहे, पण भिन्नमत लिहायचं असेल तर खाली जागा आहे," ते म्हणाले. "तुमचा तो अधिकार आहे. मला वाईट वाटणार नाही."

प्रतिनिधीने भिन्नमताची एक ओळ लिहिली की निवडीचा कागद वर जाऊन अडकतो, पुन्हा तपासला जातो. हेही मला पाठ होतं. मी पेनाकडे बघितलं आणि म्हणालो, "नको साहेब. एकमताने झालेलं बरं."

मोहरीरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "हेच मला आवडतं खिल्लारेंचं. निःपक्षपाती माणूस." आणि मला, देवाशपथ सांगतो, ते ऐकून बरं वाटलं.

बाहेर बाकावर ती बसून होती. मुलाखत संपल्यावर उमेदवाराने थांबायचं नसतं, निकाल महिन्या-दोन महिन्यांनी पत्राने कळतो. तरी ती थांबली होती. मला बघून उठली.

"सर, तुम्ही आत दिसलात अन् माझा जीव भांड्यात पडला," ती म्हणाली. "मागच्या दोन्ही टायमाला तोंड उघडलं की घसा कोरडा पडायचा. आज म्हटलं, आपलं माणूस बसलंय आत. ते मुसळीचं मी एरवी बोललेच नसते."

मी म्हणालो, "बघू, वर काय होतं ते." आणि मला काम आहे असं दाखवून माझ्या खोलीत निघून गेलो. तिथे मी त्या सहीच्या वर मजकूर भरला. अक्षर माझं चांगलं आहे.

दीड महिन्याने तिला पत्र गेलं. ती रडत येईल असं मला वाटलं होतं, ती आलीच नाही. तिने सरळ वर अनुसूचित जाती-जमातींच्या आयोगाकडे तक्रार केली. तक्रारीत तिने लिहिलं होतं की मी पात्र असताना तीन वेळा मला डावललं, समितीत मागासवर्गीय प्रतिनिधींनी विरोध नोंदवला असल्यास तो दडपला गेला असावा, तरी चौकशी व्हावी. आयोगाचं पत्र विद्यापीठाला आलं. प्रतिनिधी हजर होते काय? त्यांनी भिन्नमत नोंदवले होते काय? पंधरा दिवसांत खुलासा करावा.

कुलसचिवांनी पत्रावर शेरा मारून ते माझ्याकडे पाठवलं, कारण अशी उत्तरं माझीच शाखा देते. मला टाळता आलं असतं. त्या वर्षी माझी पुष्कळ रजा शिल्लक होती. पण मी टाळलं नाही, एका दुपारी बसून उत्तर तयार केलं. 'निवड समितीच्या बैठकीस मागासवर्गीय प्रतिनिधी श्री. सु. रा. खिल्लारे हे पूर्णवेळ उपस्थित होते. त्यांनी कोणतेही भिन्नमत नोंदविलेले नाही. निर्णय एकमताने झालेला आहे.' मी माझ्याबद्दल असं लिहीत होतो की जणू खिल्लारे हा कुणी दुसराच माणूस आहे. आयोगाने खुलासा ग्राह्य धरून तक्रार निकाली काढली. एवढं चोख उत्तर असल्यावर कोण काय करणार? नियमाला जे हवं होतं ते सगळं त्यात होतं.

त्या उत्तराची प्रत तक्रारदाराला द्यायची असते. ती न्यायला रत्नमाला एका सोमवारी आली. या वेळी बस म्हटल्यावर बसली. बसूनच तिने कागद वाचला. तीनच वाक्यं होती, पण तिला बराच वेळ लागला.

"सर, मी घरी सगळ्यांना सांगितलं होतं," ती म्हणाली, "की खिल्लारे सर भांडले असतील. त्यांचं कुणी ऐकलं नसेल, पण ते भांडले असतील. म्हणून तर तसं लिहिलं मी अर्जात."

मी टेबलावर उगाच कागद सारखे करत होतो.

"मोहरीर सरांचं मला कळतं. नऊ वर्षं झाली त्यांना बघते. बाकीच्यांचंही मी मनाला लावून घेणार नाही." तिने कागदाची घडी केली. "पण तुम्ही खरं सांगा सर. मला राग येणार नाही. तुम्हालासुद्धा मी योग्य वाटले नाही का?"

तिचं बोलणं अगदी शांत होतं. भांडायला आली असती तर मला सोपं गेलं असतं. माझ्याकडे दोनच उत्तरं होती. तू योग्य होतीस, सगळ्यांपेक्षा योग्य होतीस, हे मला दिसत होतं आणि तरी मी गप्प बसलो, हे एक. ते खरं होतं, पण ते बोलल्यावर मला पुन्हा तिच्या डोळ्यांत बघता आलं नसतं. दुसरं उत्तर खोटं होतं. त्यात मी सुटत होतो.

"मॅडम, इंग्रजीत तुम्ही थोड्या कमी पडलात," मी म्हणालो. "विषय चांगलाच होता तुमचा. पण त्या पदाला ते लागतं. मी तरी काय करणार?"

तिने वाद घातला नाही. ती खाली बघत होती. मुलाखतीत एक शब्द आठवला नव्हता, तो ती आठवत असावी.

"मोहरीर सर हेच म्हणायचे," ती म्हणाली. "त्यांचं मी कधी खरं मानलं नाही. म्हटलं, त्यांना कारणच पाहिजे. पण तुम्ही म्हणताय म्हणजे तसं असणार." मग उठता उठता तिने विचारलं, "सर, कुठलं पुस्तक चांगलं आहे त्यासाठी?"

मी तिला एका पुस्तकाचं नाव सांगितलं. तिने ते कागदाच्या मागे लिहून घेतलं, त्याच कागदाच्या. मला नमस्कार केला आणि गेली.

त्या जूनला तासिकांसाठी तिचा अर्ज आला नाही. किनवटकडे एका आश्रमशाळेत ती विज्ञान शिकवायला लागल्याचं कुणीतरी सांगितलं. जागेचा प्रवर्ग बदलला, पुण्याचा विद्यार्थी रुजू झाला. चांगला मुलगा होता, त्याच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. पुढच्या वर्षी माझी उपकुलसचिवपदी बढती झाली. ती तशीही होणारच होती.

तीन वर्षांनी त्याच विभागात अनुसूचित जमातीसाठी एक नवीन जागा निघाली. मोहरीर निवृत्त झाले होते, कुलगुरू नवे होते. जाहिरात छापून येण्याआधीच मी रत्नमालाचा पत्ता शोधून काढला आणि अर्जाचा नमुना तिला रजिस्टर पोस्टाने पाठवला. सोबत दोन ओळी लिहिल्या, की या वेळी नक्की अर्ज करावा, मी इथेच आहे. खरं काय ते लिहावं म्हणून मी दोनदा वेगळा कागद घेतला होता. दोन्ही वेळा तारीख घालून थांबलो. म्हटलं, मुलाखतीला आली की समोरासमोर सांगू.

आठ दिवसांनी तिचं पोस्टकार्ड आलं. सर, तुम्ही आठवण ठेवलीत, फार बरं वाटलं, असं तिने लिहिलं होतं. तुम्ही सांगितलेलं पुस्तक दोनदा वाचून झालं. रोज संध्याकाळी मुलींना घेऊन बसते, त्यांच्याबरोबर माझंही होतं. पण तुम्ही म्हणाला होता तेवढं इंग्रजी अजून झालेलं नाही. उगाच तुमच्या शब्दाला कमीपणा नको. तेव्हा या वेळी अर्ज करत नाही.

मुदत संपेपर्यंत मी रोज टपाल स्वतः फोडत होतो. त्या जागेला एकही अर्ज आला नाही. नोंदवहीत त्या जागेसमोर मी 'अर्ज प्राप्त नाही' असं लिहिलं. ते मात्र खरं होतं.